गणिताचा पाठ आणि पडद्यावरील चित्र

प्राथमिक शाळेतील गणिताच्या अध्यापनास दृक्-श्राव्य साधनांची जोड देणे ही काही नवी कल्पना नव्हे. मणिचौकट, चिंचोके, काड्यांचे गठ्ठे, पुठ्ठ्याची घड्याळे आणि भिंतीवरील तक्ते यांच्या साह्याने खेड्यातील शिक्षकांच्या अनेक पिढ्यांनी मुलांना अंकगणित शिकविले आहे. गेल्या काही वर्षांत या साधनांत संगणक, प्रोजेक्टर, मोठ्या पडद्याचा टीव्ही आणि टॅबलेट यांची भर पडली. जिल्हा परिषदांच्या कित्येक शाळांना ही यंत्रे ग्रामस्थांच्या लोकवर्गणीतून मिळाली आहेत. ज्या पालकांनी आपल्या मिळकतीतून त्यासाठी पैसे काढून दिले, त्यांची अपेक्षा एवढीच असते, की मुलाला गणित यावे. ती अपेक्षा यंत्र विकत घेतल्याने पुरी होत नाही. यंत्रावर काय दाखविले जाते, केव्हा दाखविले जाते आणि दाखविणे केव्हा थांबविले जाते, यांवर ती अवलंबून असते. प्रस्तुत लेखात याच तीन गोष्टींचा विचार केला आहे.

एक प्रसंग कल्पावा. इयत्ता पाचवीच्या वर्गात अपूर्णांकांचा पाठ चालू आहे. पडद्यावर एका भाकरीचे तीन समान भाग होतात, त्यांतील एक भाग रंगतो आणि ‘एक तृतीयांश’ असा आवाज उमटतो. मग दुसऱ्या भाकरीचे चार समान भाग होतात, एक भाग रंगतो आणि ‘एक चतुर्थांश’ असा आवाज येतो. मुले रंगून गेलेली असतात आणि प्रत्येक वेळी एका सुरात तेच शब्द उच्चारतात. पडदा बंद झाल्यावर शिक्षक विचारतात, ‘‘१/३ मोठा की १/४ मोठा?’’ पुष्कळशी मुले १/४ मोठा असे सांगतात, कारण तिनापेक्षा चार मोठे. मुलांनी चित्र पाहिले, आवाज ऐकला, शब्दही म्हटले. परंतु विचार करण्याची पाळी त्यांच्यावर एकदाही आली नाही.

पडद्याचा मुख्य धोका हाच आहे. रंगीत व बोलक्या पाठात मुलाचे न समजणे झाकले जाते. फळ्यावर शिकविताना मुलाचा गोंधळलेला चेहरा शिक्षकाला समोर दिसतो व तो आपला वेग आवरतो. पडदा स्वतः थांबत नाही; त्याला थांबवावे लागते.

शब्द आणि चित्र यांचा मेळ

शब्द, चित्र, ध्वनी आणि हालचाल ही माध्यमे एकत्र आणून केलेल्या मांडणीस बहुमाध्यम मांडणी म्हणतात. अशा मांडणीने शिकणे केव्हा सुलभ होते आणि केव्हा अवघड होते, याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी केला. त्यांचा ‘मल्टिमीडिया लर्निंग’ हा ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या प्रयोगांतून निघालेले काही निष्कर्ष खेड्यातील शाळेतही जसेच्या तसे उपयोगी पडणारे आहेत.

पहिला निष्कर्ष असा, की नुसत्या शब्दांपेक्षा शब्द आणि समर्पक चित्र यांच्या योगाने विषय अधिक चांगला समजतो. दुसरा असा, की विषयाशी संबंध नसलेली चित्रे, संगीत व गंमती घातल्यास आकलन वाढण्याऐवजी घटते. तिसरा असा, की चित्र आणि त्याचे स्पष्टीकरण एकाच वेळी व एकमेकांच्या जवळ असावे. आकृती वर आणि तिच्या बाजूंची मापे खाली कोपऱ्यात असली, तर मुलाची शक्ती शोधण्यातच खर्च होते. चौथा असा, की चित्र दाखवून तोंडी समजावीत असताना तीच वाक्ये पडद्यावरही लिहिलेली असल्यास चित्राकडे पाहावे की वाचावे, असा पेच विद्यार्थ्यापुढे पडतो. आणि पाचवा असा, की लांबलचक मांडणीपेक्षा लहान लहान तुकड्यांत थांबत थांबत केलेली मांडणी अधिक फलदायी ठरते.

या सर्वांचे कारण एकच आहे. मनुष्याचे मन एका वेळी थोड्याच नव्या गोष्टी धरून ठेवू शकते. गणितात तर प्रत्येक पायरी मागील पायरीवर उभी असते. मागची पायरी निसटली, की पुढील सर्व चित्रे सुंदर दिसतात, पण अर्थहीन होतात.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पॉवरपॉइंट हा सादरीकरणाचा कार्यक्रम १९८७ मध्ये प्रथम बाजारात आला, तो मुख्यतः व्यवसायातील बैठकांसाठी. तेथे सादर करणाराने सर्व काही मांडावयाचे आणि ऐकणाराने मान डोलवावयाची, अशी रीत असते. गणिताच्या वर्गात मान डोलविणे पुरेसे नाही. तेथे मुलाने अंदाज करावा, चुकावे, कारण सांगावे आणि पुन्हा करून पाहावे लागते. म्हणून एका कामासाठी घडविलेले साधन दुसऱ्या कामासाठी वापरताना ते थोडे वाकवून घ्यावे लागते : प्रत्येक स्लाइडने उत्तर सांगण्याऐवजी प्रश्न विचारावा.

आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह

शिक्षणशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ज्ञान ग्रहण करण्याचे तीन प्रकार सांगितले : कृतीच्या द्वारे, प्रतिमेच्या द्वारे आणि चिन्हाच्या द्वारे. प्राथमिक गणितात हा क्रम फार मोलाचा आहे. पडद्याचे स्थान या क्रमात मधले आहे. हाताने हाताळलेल्या वस्तूची जागा तो घेऊ शकत नाही आणि पाटीवर स्वतः लिहिलेल्या चिन्हाचीही घेऊ शकत नाही. या दोहोंना जोडणारा पूल म्हणून मात्र त्याचे काम उत्कृष्ट होते.

संख्यावाचनाचे उदाहरण घ्यावे. मराठीत ‘त्रेचाळीस’ हा शब्द उच्चारताना आधी तीन ऐकू येतात व नंतर चाळीस. लिहिताना मात्र आधी ४ व नंतर ३ लिहावे लागतात. त्यामुळे नव्याने शिकणारे मूल ‘त्रेचाळीस’ ऐकून ३४ लिहिते. ही चूक आळसाने झालेली नसते. कान आणि हात यांच्या विरोधातून ती झालेली असते. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात रूढ संख्यानामांबरोबर ‘चाळीस तीन’ अशा फोड केलेल्या नावांचाही समावेश झाला, तेव्हा या प्रश्नावर महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली. मत कोणतेही असो, अडचण खरी आहे आणि तिचे निवारण वर्गातच करावे लागते.

याकरिता मुलांनी प्रथम दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे बांधावेत व तीन सुट्या काड्या उजवीकडे ठेवाव्यात. त्यानंतर पडद्यावर तेच चित्र दाखवावे : डावीकडे चार गठ्ठे, उजवीकडे तीन काड्या, आणि खाली दोन रिकामी घरे. शिक्षकाने स्वतःच्या आवाजात ‘त्रेचाळीस’ म्हणावे व थांबावे. मुलांनी पाटीवर संख्या लिहून पाटी वर धरल्यावरच ४ हा अंक गठ्ठ्यांखाली आणि ३ हा अंक काड्यांखाली प्रकट व्हावा. अंक आधी प्रकट झाला, तर मुले तो उतरवून घेतील आणि कोणाला समजले व कोणाला नाही, हे कधीच कळणार नाही.

‘एकोणचाळीस’ या शब्दाचा अर्थ तर पडद्यावर फारच सुबक रीतीने उलगडतो. एक उणे चाळीस, असा त्याचा अर्थ आहे. चार गठ्ठे दाखवावेत. एक गठ्ठा सुटावा. त्यातील एक काडी बाजूस जावी. उरले तीन गठ्ठे आणि नऊ काड्या. एकोणीस, एकोणतीस, एकोणपन्नास ही नावे मुलांनी याच रीतीने स्वतः काड्यांवर करून पाहावीत. ‘नव्व्याण्णव’ हे नाव या रीतीत बसत नाही, ही गोष्टही मुलांनाच शोधू द्यावी.

हलती आकृती कोठे उपयोगी पडते

छापील पानावर किंवा फळ्यावर न करता येणारे असे काय पडद्यावर करता येते, हा प्रश्न शिक्षकाने प्रत्येक वेळी स्वतःला विचारावा. जे फळ्यावर तितकेच चांगले होते, ते फळ्यावरच करावे. पाढे, उदाहरणांतील पायऱ्या आणि व्याख्या यांची जागा फळाच आहे. कारण तेथे मूल पायरी घडताना पाहते.

भूमितीत मात्र हलत्या आकृतीला तोड नाही. यासाठी जिओजेब्रा हे संगणकीय साधन विशेष उपयुक्त आहे. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ते तयार करण्यास प्रारंभ केला. शाळांना ते विनामूल्य वापरता येते आणि संगणकावर एकदा उतरवून घेतल्यास इंटरनेटवाचूनही चालते.

त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचा पाठ पाहावा. ६ सेंमी पायाचा व ४ सेंमी उंचीचा त्रिकोण काढावा. त्याच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढावी आणि शिरोबिंदू त्या रेषेवरून सरकविता येईल अशी योजना करावी. सरकविण्यापूर्वी विचारावे : शिरोबिंदू उजवीकडे नेल्यास क्षेत्रफळ वाढेल, घटेल की तेवढेच राहील? प्रत्येक मुलाने आपले उत्तर पाटीवर लिहावे. तिरपा, लांबट झालेला त्रिकोण अनेकांना मोठा वाटतो. शिरोबिंदू सरकतो, आकृती कलते, पण क्षेत्रफळ १२ चौसेंमीच राहते. येथे थांबून कारण विचारावे. पाया तोच आणि उंचीही तीच, हे वाक्य मुलांच्या तोंडून आले पाहिजे.

याच आकृतीवर दुसरा प्रश्न निघतो : परिमितीही तेवढीच राहिली काय? शिरोबिंदू पायाच्या मध्याच्या बरोबर वर असताना दोन्ही बाजू ५ सेंमी असतात व परिमिती १६ सेंमी होते. तो पायाच्या एका टोकाच्या बरोबर वर आला, की बाजू ४ सेंमी आणि सुमारे ७.२ सेंमी होतात व परिमिती सुमारे १७.२ सेंमी होते. क्षेत्रफळ कायम राहून परिमिती बदलते, ही गोष्ट अनेक मुलांच्या ध्यानी वर्षानुवर्षे येत नाही. हलत्या आकृतीने ती काही क्षणांत डोळ्यांपुढे उभी राहते. मात्र हे दोन्ही त्रिकोण मुलांनी वहीत मोजपट्टीने काढून बाजू मोजल्याखेरीज पाठ पुरा झाला असे मानू नये.

हलत्या आकृतीचा दुसरा लाभ असा, की तिने आकृतीविषयीचे चुकीचे संकेत मोडतात. पुस्तकात चौरस बहुधा आडव्या पायावर बसविलेला असतो. तोच ४५ अंशांतून फिरविला, तर मुले त्याला चौरस म्हणावयास कचरतात. पडद्यावर चौरस हळूहळू फिरवावा आणि कोणत्या क्षणी तो चौरस राहिला नाही, असे विचारावे. बाजू व कोन बदललेच नाहीत, हे मुलांना आपोआप उमगते.

पडदा खोटे बोलतो तेव्हा

गणिताच्या शिक्षकाने आणखी एक दक्षता घ्यावयास हवी, जिची गरज इतर विषयांत तितकीशी भासत नाही. प्रोजेक्टर खाली टेबलावर ठेवून वर कलविला, तर भिंतीवरील चित्र वरच्या बाजूस रुंद होते. अशा वेळी चौरसाचा समलंब चौकोन होतो. जुन्या मापाचे चित्र रुंद पडद्यावर ताणून बसविले, तर वर्तुळ लंबगोल होते. त्या लंबगोलाकडे बोट दाखवून ‘वर्तुळाच्या सर्व त्रिज्या समान असतात’ असे सांगितले, तर मुलाने डोळ्यांवर विश्वास ठेवावा की शिक्षकावर? शहाणे मूल गप्प बसते आणि गणितात दिसते एक व म्हणावयाचे दुसरे, असा समज करून घेते.

यावर उपाय सोपा आहे. पाठापूर्वी पडद्यावर एक चौरस दाखवून त्याच्या चारही बाजू व दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. माप जुळत नसेल, तर प्रोजेक्टर सरळ करावा किंवा त्यातील कीस्टोन नावाच्या सोयीने चित्र दुरुस्त करावे. चित्राचा आकार बदलताना ते कोपऱ्याला धरून, लांबी-रुंदीचे प्रमाण कायम ठेवून बदलावे.

मापांविषयीही असाच गोंधळ संभवतो. पडद्यावर ‘५ सेंमी’ असे लिहिलेला रेषाखंड प्रत्यक्षात ४० सेंमी लांब दिसत असतो. लहान वर्गांत ही गोष्ट स्पष्टपणे सांगावी. वरच्या वर्गांत तो मुलांकडूनच मोजून घ्यावा. प्रमाण १ : ८ आहे, हे निघाले, की गुणोत्तराचा एक पाठ विनासायास मिळतो.

एका पाठाचे टाचण

आरंभी कल्पिलेल्या अपूर्णांकांच्या पाठाची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल. सबंध पाठास चार स्लाइड पुरतात.

पडदा लावण्यापूर्वी प्रत्येक मुलास १२ सेंमी लांबीच्या दोन कागदी पट्ट्या द्याव्यात. एकीचे तीन व दुसरीचे चार समान भाग मुलांनी आखून घडी घालून करावेत.

पहिल्या स्लाइडवर समान लांबीच्या दोन पट्ट्या असाव्यात, एक तीन भागांची व एक चार भागांची. त्यांवर एकही अंक नसावा. कोणता तुकडा मोठा, हे मुलांनी पाटीवर लिहावे.

दुसऱ्या स्लाइडवर प्रत्येक पट्टीतील एक तुकडा सुटून एकाखाली एक यावा. मुलांनी आपल्या पट्ट्यांचे तुकडे मोजावेत : ४ सेंमी आणि ३ सेंमी.

तिसऱ्या स्लाइडवर त्या तुकड्यांशेजारी १/३ व १/४ ही चिन्हे यावीत. पाठ्यपुस्तकातल्याप्रमाणे अंश वर व छेद खाली लिहावा. भाग जितके अधिक, तितका प्रत्येक भाग लहान, हे मुलांनी आपल्या शब्दांत सांगावे.

चौथ्या स्लाइडवर एका मोठ्या भाकरीचा चौथा भाग आणि एका लहान भाकरीचा तिसरा भाग दाखवावा. येथे चौथा भाग मोठा दिसतो. मग पहिला निष्कर्ष चुकला काय? थोड्या वादानंतर कोणीतरी मूल म्हणेल, की भाकऱ्याच सारख्या नाहीत. तुलना करावयाची, तर पूर्ण वस्तू समान हवी, हे अपूर्णांकांचे मर्म या एका प्रश्नातून हाती लागते.

यानंतर पडदा बंद करावा. १/५ व १/६ यांतील मोठा कोणता, हे मुलांनी चित्र काढून व कारण लिहून दाखवावे. हा शेवटचा भाग वेळेअभावी गाळण्याचा मोह होतो. परंतु पाठ साधला की नाही, हे येथेच कळते.

खेड्यातील शाळेच्या अडचणी

एका वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकास, एका इयत्तेला पडद्यासमोर बसवून दुसरीस शिकविण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. ते सर्वस्वी वर्ज्य मानू नये. परंतु अशा रीतीने नवीन कल्पना शिकवू नये. शिकविलेल्या भागाची उजळणी तेवढी ठेवावी. चित्रफीत तीन-चार मिनिटांची असावी, मुले जोडीने बसावीत आणि प्रत्येक जोडीच्या हाती तीन प्रश्नांची चिठ्ठी असावी. चित्रफीत संपताच पाट्या तपासाव्यात.

उजळणीसाठी साहित्य शोधण्याचे कष्टही आता कमी झाले आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय मंचावरील साहित्य उतरवून घेऊन इंटरनेटवाचून दाखविता येते. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून पान व चित्रफीत जोडण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी प्रत्यक्षात आणून दाखविली, आणि २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा जागतिक सन्मान मिळाला. तयार चित्रफीत वर्गात लावण्यापूर्वी शिक्षकाने ती एकदा संपूर्ण पाहावी व कोठे थांबावयाचे, ती ठिकाणे टाचणात लिहून ठेवावीत.

स्वतः स्लाइड करताना मजकूर युनिकोड टंकात लिहावा. जुन्या टंकातील मराठी दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपाने उमटते. अक्षरे व अंक शेवटच्या रांगेत बसून वाचून पाहावेत. एका स्लाइडवर एकच प्रश्न असावा. उड्या मारणारी अक्षरे आणि टाळ्यांचे आवाज टाळावेत.

वीज जाणे ही नित्याची बाब आहे. म्हणून पडद्यावरील प्रत्येक पाठासाठी कागदी पट्ट्या, काड्या किंवा पुठ्ठ्याच्या आकृती तयार असाव्यात. वीज गेल्यास जो पाठ मुळीच पुढे नेता येत नाही, त्याची आखणीच सदोष समजावी.

उपसंहार

पडद्याने शिक्षकाचे काम कमी होत नाही. ते वर्गातून थोडे तयारीकडे सरकते. परंतु ती तयारी केलेल्या शिक्षकास असे काही दाखविता येते, जे खडूने दाखविणे शक्य नव्हते : सरकणारा शिरोबिंदू, फिरणारा चौरस, सुटणारा गठ्ठा. त्या दर्शनाचे ज्ञानात रूपांतर मात्र पडद्यावर होत नाही. ते पाटीवर होते, चित्र थांबल्यावर आणि प्रश्न विचारल्यावर. लोकवर्गणी देणारा पालक शाळेत येऊन आपल्या मुलीला १/३ मोठा की १/४ असे विचारील, तेव्हा तिने पडद्याकडे न पाहता कागदाची पट्टी दुमडून कारण सांगावे. यंत्रावर झालेला खर्च त्या दिवशी सार्थकी लागला, असे म्हणता येईल.